‘१८ टक्के वाढ’ वाचलंत? आधी विचारा, कशाच्या?

रविवारी आमच्या कोल्हापुरात घरोघरी मटण शिजत असतं आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर बातमी फिरते, ‘मांसाने कॅन्सर १८ टक्के वाढतो’. घरातली वडीलधारी माणसं खरंच घाबरतात. अशा वेळी एवढं करा:

१. टक्के माणसांत मोजा. समजा, १०० जणांत मुळात ५ जणांना तो आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६. ५ चे २३ नव्हे. बातमीत मूळ आकडाच दिला नसेल, तर नुसत्या टक्क्यांवरून काही ठरवू नका. बहुतेक बातम्या इथंच अडकतात.

२. नेमकं काय आणि किती, ते शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दिलेला हा आकडा रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाचा, म्हणजे सॉसेज, हॅम वगैरेंचा आहे. तोही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपुरता. रश्श्यातलं ताजं मटण ‘लाल मांस’ या वेगळ्या गटात येतं, ‘बहुधा कारणीभूत’ असा शेरा असलेल्या.

३. प्रक्रिया केलेलं मांस ‘तंबाखूच्याच गटात’ आहे, असे शब्द दिसले तर थांबा. या संस्थेचा गट कॅन्सरचा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

मात्र डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल, तर ते या हिशोबावर मोडू नका.