डोमिसाइलचे कागद खेड्यातून कसे जमवायचे

दहावी-बारावीचा निकाल लागला की तहसीलीच्या सेतू केंद्रापुढे रांग लागते. अर्ज भरायला अर्धा तासही लागत नाही. दिवस जातो तो एक कागद कमी पडला म्हणून गावाला परत जाण्यात, आणि पटवारी त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेला असतो. म्हणून पहिली गोष्ट: डोमिसाइलचा दाखला जानेवारी-फेब्रुवारीतच काढा. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी त्याला मार्चअखेरची मुदत नसते, त्यामुळं लवकर काढला म्हणून वाया जात नाही.

कागदावरचं त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. देतो तहसीलदार. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला म्हणजे डोमिसाइल नव्हे. तो ‘हा माणूस आज या गावात राहतो’ एवढंच सांगतो. डोमिसाइलसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पोलीस भरतीत किंवा मेडिकलच्या राज्य कोट्यात ग्रामपंचायतीचा कागद जोडला तर तो चालत नाही, आणि तोवर तारीख निघून जाते.

कागद चार प्रकारचे लागतात: ओळखीचा, पत्त्याचा, वयाचा आणि वास्तव्याचा. ओळख आणि पत्ता आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड, लाईट बिल यांतून भागतं. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेची टीसी. जन्माची नोंदच झालेली नसेल तर उशिराच्या नोंदणीमागं महिने जातात. त्याऐवजी टीसी किंवा शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल घ्या, मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्यासह.

टीसी हातात आली की काउंटरवरच उभं राहून तीन गोष्टी वाचा. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का? जन्मस्थळात गाव, तहसील, जिल्हा तिन्ही लिहिले आहेत का? नुसतं गावाचं नाव असेल तर शंका निघते, कारण एकाच नावाची दोन-दोन गावं आपल्याकडं सर्रास आहेत. आणि नाव आधारवर आहे तसंच आहे का? पोरगं शाळेत आहे तोवर रजिस्टरमधली चूक शाळेमार्फत रीतसर दुरुस्त करून घेता येते. शाळा सुटल्यावर ते फार जड जातं. म्हणून नववीतच एकदा रजिस्टर पाहून घ्या.

खरं काम वास्तव्याच्या पुराव्यात आहे. १५ वर्षं सलग दिसली पाहिजेत, आणि एकच कागद ते क्वचितच दाखवतो. मुलासाठी पहिली ते चौथी जिल्हा परिषद शाळेचा बोनाफाईड, पुढं हायस्कूलची टीसी, अशी साखळी लावा. सोबत बापाची टीसी किंवा त्याचं डोमिसाइल जोडलं की प्रकरण पक्कं होतं. मोठ्या माणसासाठी जुना फेरफार असलेला वावराचा सातबारा, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, जुन्या मतदार यादीतलं पान, रेशन कार्ड. रेशन कार्डाचं फक्त पहिलं पान स्कॅन करून चालत नाही. आतल्या पानावर ज्या तारखेला नाव चढवलं ती शाईतली तारीखच पुरावा असते. ती पुसट असेल तर अन्न पुरवठा विभागातून तीच तारीख पुन्हा स्पष्ट लिहून घ्या. भूमिहीन घरात सातबारा नसतो, तिथं घरपट्टीच्या जुन्या पावत्या कामी येतात. त्या फेकू नका, अगदी पत्र्याच्या पेटीच्या तळाला पडलेल्याही.

पटवारी (सरकारी कागदावर आता त्याचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लिहितात) अनेक ठिकाणी चौकशी करून अहवाल देतो. त्याला भेटायला जाताना मूळ कागद आणि दोन ओळखीचे पंच सोबत असले की दुसरी खेप पडत नाही. त्याचा साझा, म्हणजे कामाचा टापू, चार-पाच गावांचा असतो, कोणत्या वारी कुठं बसतो ते कोतवालाला विचारून जा.

सीमेवरच्या तहसीलींत अडचण वेगळी. सिरोंचा, देवरी, तुमसर, वरुड, धारणी इथं मुलं शेजारच्या राज्यात मामाकडं शिकतात, बाया तिकडून सून म्हणून येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तहसीलीत तर काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही हक्क सांगतात, आणि घरात दोन्हीकडची रेशन कार्डं असतात. अशा घरानं अर्जाला महाराष्ट्राचेच कागद लावावेत, पण स्वयंघोषणेत काही लपवू नये. खोटी माहिती दिली तर शिक्षेचं कलम त्याच नमुन्यावर छापलेलं असतं. मतदार यादीत दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्यानं बंदी आहे. दुसरीकडचं नाव नमुना ७ भरून आधी कमी करा. मुलगा दोन वर्षं तेलंगणातल्या आदिलाबादकडं शिकला असेल तर त्या शाळेचा कागद काढून टाकू नका. मध्येच दोन वर्षांची पोकळी दिसली की प्रश्न येतोच. त्या कागदासोबत आईबाप इथंच राहत होते याचा त्या दोन वर्षांचा पुरावा लावा.

सुनेच्या बाबतीत लग्नाआधीचे सगळे कागद माहेरच्या नावानं असतात. विवाह नोंदणी दाखला हाच दोन नावांमधला पूल. लग्नाची नोंद नसेल तर आधी ग्रामपंचायतीत ती करा, मग नवऱ्याचा वास्तव्याचा पुरावा जोडा. माहेर परराज्यातलं असेल तर सेतूवर पैसे भरण्याआधी तहसील कार्यालयात बाबूला कागद दाखवून विचारा.

अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरूनही भरता येतो: लॉगिन, महसूल विभाग, मग वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. इथं दोन ठिकाणी हमखास घसरतं. पहिलं, अर्जदार आणि लाभार्थी. मुलासाठी बाप अर्ज करतो तेव्हा लाभार्थ्याच्या रकान्यात मुलाचं नाव आणि नातं टाकायचं. नाहीतर दाखला बापाच्याच नावानं निघतो. दुसरं, फाईलचा आकार. फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ उंच आणि ५ ते २० केबी लागतो. कागद मात्र ७५ ते ५०० केबीमध्ये. मोबाईलवरच्या ॲपनं फोटो दाबून ४० केबी केला की पोर्टल तो घेत नाही, आणि माणूस ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत बसतो. कागद दिवसा उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असा घ्या.

मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, केंद्रवाल्याचा नको. त्रुटी निघाली तर मेसेज त्या नंबरवर येतो, आणि तो त्याच्याकडं गेला तर तुम्हाला कळणारच नाही. पावतीवर अर्ज क्रमांक असतो, पैसे पावतीवर असतील तेवढेच द्या. दर केंद्रात फलकावर लावलेला असतो. जातीच्या, उत्पन्नाच्या किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावरची स्वयंघोषणा पुरते. ‘पाचशेचा स्टॅम्प आणा’ असं कुणी म्हणालं तर लेखी मागा.

नावांत फरक असेल, म्हणजे टीसीवर ‘नामदेव’ आणि सातबारावर ‘नामदेवराव’, तर दोन्ही एकच व्यक्ती आहे अशी स्वयंघोषणा सोबत लावा. आडनावच वेगळं असेल तर त्यानं भागत नाही, राजपत्रात नावबदल करावा लागतो. त्यासाठी वेगळे दिवस धरून चला.

लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणं या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. पंधराव्या दिवसानंतर केंद्रात हेलपाटे घालू नका. पोर्टलवर स्थिती पाहा, ‘त्रुटी’ लिहिलं असेल तर तोच कागद जोडा. नुसतंच प्रलंबित असेल किंवा कारण न देता नाकारलं असेल तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, साधारण उपविभागीय अधिकाऱ्याकडं. अपिलात अर्ज क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी एवढं पुरेसं असतं.

दाखला आला की पीडीएफ डाऊनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नाव, जन्मतारीख आणि गाव एकदा नीट वाचा. चूक असेल तर त्याच आठवड्यात तहसीलीत सांगा.