चिनी बाजारासाठीची मीनाकाम घड्याळे : नव्या अभ्यासकांसाठी

चिनी बाजारासाठी घडवलेले मीनाकामाचे सोन्याचे खिशातील घड्याळ अभ्यासाला हाती आले, की आतल्या यंत्रावरची सही वाचायची घाई करू नये, असे मी प्रत्येक नवोदिताला सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही घड्याळे लंडन, जिनिव्हा आणि स्वित्झर्लंडमधील फ्लरिए या गावाहून चीनमधल्या कँटन (आजचे ग्वांगझू) बंदराला जात. फ्लरिएचा घड्याळजी एदुआर बोवे १८१८ मध्ये कँटनला पोहोचला आणि १८२२ मध्ये त्याने कंपनी काढली. सही लंडनचा घड्याळजी विल्यम इल्बरी याची असली, तरी पाठीवरचे चित्र अनेकदा जिनिव्हाच्या चित्रकाराचे असते, म्हणजे सही घड्याळामागच्या एकाच हाताचा पत्ता देते.

माझ्या मार्गदर्शकांनी पहिले काही महिने मला यंत्र उघडूच दिले नाही. फक्त पाठ पाहायची आणि दिसेल ते लिहून काढायचे, एवढेच काम होते, आणि त्याचे मोल मला आजही वाटते. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती सोन्याच्या पत्र्यावर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात, एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा. पत्रा वाकू नये म्हणून आतल्या बाजूलाही मीना चढवतात. जिनिव्हाचे कारागीर चित्रावर पारदर्शक काचेचा शेवटचा थर देत, म्हणूनच गुलाबाच्या पाकळ्या पाण्याखाली असल्यासारख्या खोल दिसतात. दिवा तिरपा धरून भिंगातून पाहिले, की राळेने बुजवलेली जागा ओळखू येते : तिथे ती खोली नसते आणि चकाकी किंचित मंद पडते. अतिनील प्रकाशात अशी दुरुस्ती बहुधा वेगळ्या रंगाने उजळते. अशा घड्याळाला अॅसिटोनचा बोळा कधीही लावू नये, कारण जुनी भर त्यात विरघळते. कडेच्या अर्ध्या मोत्यांची छटाही एकेक करून तपासावी. बदललेला मोती तिथेच सापडतो.

यंत्राकडे त्यानंतर वळावे. पुलांवर, म्हणजे चाके जागी धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, भरगच्च कोरीवकाम असते, ते दिसावे म्हणून आतल्या झाकणाला काच असते, आणि ‘चिनी ड्युप्लेक्स’ या गती-नियंत्रक यंत्रणेच्या प्रकारात मध्यावरचा लांब सेकंदकाटा सेकंदाला एकच उडी घेतो.

ही घड्याळे पुष्कळदा जोडीने विकली जात आणि जोडीतली चित्रे एकमेकांची आरशातली प्रतिमा असत. म्हणून नोंद करताना फुलांचा कल किंवा आकृतीचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, हे न चुकता लिहावे. दुसऱ्या संग्रहातला जोडीदार त्यावरूनच जुळवता येतो.