सगळ्यांना जमेल असा बुशवॉक कसा आखावा

मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरांत, शेरब्रुकच्या जंगलात बुशवॉक, म्हणजे रानवाटेवरची भटकंती, ठरली आहे असं धरू. येणाऱ्यांत एक जण व्हीलचेअरवर, एकीला दिसत नाही, एकाला ऐकू कमी येतं आणि भारतातून लेकीकडे आलेले एक आजोबा गुडघ्यांनी बेजार. अशी सहल बिघडायला लागते ती 'वाट सोपी आहे, सगळ्यांना जमेल' या निरोपापासूनच. सोपी म्हणजे किती, हे आकड्यांत कळलं की ज्याचं त्याला ठरवता येतं.

वाट मोजा

ऑस्ट्रेलियात पायवाटांना 1 ते 5 ग्रेड देतात. ग्रेड 1 म्हणजे सपाट, बिनपायऱ्यांची, जास्तीत जास्त 5 किलोमीटरची वाट. मदतनीस असेल तर व्हीलचेअर जाते. शेरब्रुकमध्ये ग्रँट्स पिकनिक ग्राउंडवरून निघणारी मार्गारेट लेस्टर फॉरेस्ट वॉक पहिल्या खेपेला चांगली. तरी नुसत्या ग्रेडवर विसंबू नका. आठवडाभर आधी टेप आणि मोबाइल घेऊन स्वतः चालून या.

मोबाइलच्या लेव्हल ॲपवर 4 अंश दिसले की चढ साधारण 1:14 झाला, म्हणजे 14 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर. तिथल्या मानकात रॅम्पला एवढीच मुभा आहे, तीही दर 9 मीटरला सपाट टप्पा देऊन. वाट एका अंगाला कललेली असेल तर ती चढापेक्षा वाईट: चेअर सतत उताराकडे ओढ घेते आणि एकच हात भरून येतो. सैल खडीत पुढची छोटी चाकं रुततात.

सगळ्यात फसवी जागा प्रवेशाची. मोटरसायकली शिरू नयेत म्हणून लावलेले खांब किंवा वळणदार अडसर असले, की आतली वाट कितीही गुळगुळीत असो, चेअर बाहेरच राहते. म्हणून सर्वांत अरुंद जागेची रुंदी सेंटीमीटरमध्ये टिपा. बाकं किती अंतरावर आहेत, परत फिरायला सोयीच्या जागा कुठे आहेत तेही. बरीच अपंगस्नेही स्वच्छतागृहं 'एमएलएके' नावाच्या एकाच सामायिक किल्लीने उघडतात. ती कुणाकडे आहे का ते आधीच विचारा. प्रौढ व्यक्तीला आडवं करून कपडे बदलावे लागत असतील तर लिफ्टिंग होइस्ट असलेलं 'चेंजिंग प्लेसेस' स्वच्छतागृह शोधावं लागतं. हे आकडे आणि चार फोटो सगळ्यांना पाठवा. ऑटिझम असलेल्यांना अनोळखी जागा आधी पाहायला मिळाली की अर्धा ताण तिथेच उतरतो.

काय विचारायचं

आजाराचं नाव विचारू नका, गरज विचारा. न थांबता किती चालता येतं? एक पायरी जमते का? चेअर हाताची की बॅटरीची? बॅटरीच्या चेअरचं वजन 100 किलोच्या वर सहज जातं, त्यामुळे 'चौघं मिळून उचलू' हा बेत मुळातच बाद.

वाट खडबडीत असेल तर ट्रेलरायडर मागवा. कॅनडात तयार झालेली ही एका चाकाची खुर्ची राज्यातली उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स व्हिक्टोरिया या संस्थेकडे मिळते. पुढे एक, मागे एक अशी किमान दोन माणसं ती चालवतात. त्यांना तिथे शेर्पा म्हणतात. ग्रॅम्पियन्स डोंगरांमधल्या दगडी वाटांवरही ती जाते. पुढचा ओढतो आणि वळवतो, मागचा तोल सांभाळतो. दोघांच्या उंचीत फार फरक नको. चढ असेल तर चार-सहा जण घ्या आणि दमायच्या आधीच जागा बदला. निघण्यापूर्वी बसणाऱ्याला पट्टे लावून मोकळ्या मैदानात एक फेरी माराच.

चालताना

सर्वांत हळू चालणारा म्होरक्याच्या लगेच मागे असावा. तो शेवटी राहिला तर बाकीचे थांबून ताजेतवाने होतात, आणि तो पोचला रे पोचला की सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. तासाला एक-दीड किलोमीटरच धरा.

दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून तिला ओढू नका. तिला तुमचं कोपर धरू द्या. ती अर्धं पाऊल मागे राहील. अरुंद जागी तोच हात पाठीमागे न्या, म्हणजे ती आपोआप तुमच्या मागे येते. नुसतं 'पायरी' म्हणू नका, 'वर' की 'खाली' तेही सांगा. इतर पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या लायरबर्ड पक्ष्याची नक्कल ऐकवायची असेल तर जून ते ऑगस्ट उत्तम; ट्रीफर्नच्या, म्हणजे झाडाएवढ्या नेच्याच्या, खरखरीत खोडाला हात लावू द्या.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी एकच शिस्त: चालता चालता बोलायचं नाही. थांबा, तोंड त्यांच्याकडे करा, सूर्य तुमच्या चेहऱ्यावर असू द्या.

मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही. पाण्याची स्प्रे बाटली आणि ओला रुमाल हवाच. दर 15 ते 30 मिनिटांनी बसण्यावरचा दाब हलका करायलाही थांबा.

कधी रद्द करायचं

आगीचा इशारा 'एक्स्ट्रीम' किंवा 'कॅटॅस्ट्रॉफिक' असेल तर, आणि जोराचा वारा असेल तरी. शेरब्रुकमधली माउंटन ॲशची झाडं प्रचंड उंच आहेत, फांद्या खाली येतात. सगळ्यांना एकदम पळता येणार नाही, त्यामुळे निर्णय घरीच घ्या.

साप चावला तर 000 वर फोन करा. चावा असलेल्या पूर्ण हाताला किंवा पायाला दाबपट्टी घट्ट बांधा आणि माणूस अजिबात हलू देऊ नका. स्वतःच्या हाताने चेअर ढकलणंही नको. नेमकी जागा सांगायला 'इमर्जन्सी प्लस' ॲप उपयोगी पडतं.

गाडीत सामान चढवण्यापूर्वी चाकांचा आणि बुटांचा चिखल ब्रशने खरवडून काढा, मग 70 टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा. सिनॅमन फंगस नावाचा झाडांचा रोग चिखलातून एका जंगलातून दुसऱ्यात जातो. चिखल तसाच ठेवून फवारलं तर स्पिरिट आत पोचत नाही. चेअरची हाताने फिरवायची कडी वाळल्यावरच धरा.