कन्सोलचं नेट अडलं? केबलवाल्याला बोलवण्याआधी एवढं हाताशी ठेवा

"अण्णा, नेट चालत नाही" एवढंच फोनवर सांगितलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "आमच्याकडून ओके दाखवतंय, राउटर एकदा बंद करून चालू करा." राउटर बंद-चालू होतो, मोबाइलवर व्हिडिओ चालतात आणि गेम कन्सोलवर पुन्हा तोच एरर. मग माणूस येतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून शंभरचा आकडा दाखवतो आणि जातो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या हद्दीतली लाइन खरंच बरी असते. पण कन्सोल ते राउटर, राउटर ते केबलवाला आणि तिथून पुढे गेमचा सर्व्हर, असे तीन टप्पे आहेत आणि त्यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलंय हे कुणी बघितलेलंच नसतं. माणूस दारात येईपर्यंत ते आपल्याला ठाऊक असावं, त्यासाठी ही तयारी.

पहिली गोष्ट, कन्सोलच्या स्वतःच्या चाचणीचा फोटो. प्लेस्टेशनवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे 'टेस्ट इंटरनेट कनेक्शन'. एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोच्या स्विचवरही अशीच सोय आहे. एकाखाली एक ओळी येतात: आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) मिळाला का, इंटरनेट लागलं का, कंपनीच्या नेटवर्कवर साइन-इन झालं का. पहिली 'फेल्ड' कुठल्या ओळीला आली ते बघा. आयपीच मिळाला नाही तर दुखणं घरातलं आहे. आयपी मिळाला पण इंटरनेट नाही, तर लाइन किंवा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा). दोन्ही ठीक आणि फक्त साइन-इन अडलं, तर केबलवाल्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. एरर कोडही फोटोत येऊ द्या. पीएस-४ वर एनडब्ल्यू-३१२९७-२ दिसला तर बहुधा वायफायचा पासवर्ड कुणीतरी बदललेला असतो. डीएनएसचा एरर असेल तर कन्सोलमध्ये डीएनएस 'मॅन्युअल' करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा. त्याने चाललं तर फोनसुद्धा करायला नको.

साइन-इनच अडलं असेल तर मोबाइलवर कंपनीचं सर्व्हर-स्टेटसचं पान उघडा. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो तिघांचीही अशी पानं आहेत. आणि कन्सोलची तारीख-वेळ बघा. परीक्षेच्या काळात महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेल्या कन्सोलचं घड्याळ चुकलेलं असू शकतं आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित कनेक्शन जुळत नाही.

दुसरी गोष्ट मोबाइलचा हॉटस्पॉट. माझ्या मते अख्ख्या यादीत एवढी एकच चाचणी केली तरी निम्मं काम होतं. कन्सोल हॉटस्पॉटला जोडा. चालला, तर मशीन धडधाकट आहे आणि दोष राउटरचा किंवा लाइनचा. नाही चालला, तर घरात माणूस बोलावून उपयोग नाही, कन्सोलकडेच बघावं लागेल. मात्र जोडण्याआधी ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. नाहीतर चाचणी होईपर्यंत गेमचं अपडेट दिवसाचा सगळा डेटा खाऊन मोकळं.

आता वायफाय. कन्सोलचा मॉडेल नंबर मागच्या बाजूला असतो, तो लिहून ठेवा. सीयूएच-१ ने सुरू होणारा पहिला पीएस-४ असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, तो फक्त २.४ वर चालतो. स्लिम आणि प्रोला दोन्ही चालतात. राउटर बदलल्यावर "सगळ्यांना वायफाय दिसतंय, फक्त प्लेस्टेशनला दिसत नाही" अशी तक्रार जुन्या पीएस-४ वाल्यांकडून येते, ती यामुळेच. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर ती नावं वेगळी करून घ्या, म्हणजे कोण कुठं जोडलंय ते कळतं.

घराचा प्रश्न वेगळा. केबलवाला वायर आत घेतो तिथेच, म्हणजे दारालगत, राउटर टांगून जातो आणि टीव्ही असतो आतल्या खोलीत. सोलापुरात कसब्यातल्या जुन्या दगडमातीच्या घरांच्या भिंती जाड, ५ गिगाहर्ट्झ तिथे एका भिंतीतच दमतं. पत्र्याच्या घरात पत्राच सिग्नल परतवतो. जुळे सोलापूरकडच्या नव्या फ्लॅटांत काँक्रीट आणि सळया आहेतच. म्हणून राउटरपासून कन्सोलपर्यंत किती भिंती येतात ते मोजून ठेवा, आणि कन्सोल टीव्हीच्या पाठीमागे कोंबलेला असेल तर आधी पुढे काढा. पीएस-४ ला बाहेरची यूएसबी हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढूनही एकदा टेस्ट घ्या. यूएसबी ३ च्या उपकरणांचा २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो, हे कुणी सांगत नाही. मायक्रोवेव्हचं मात्र सगळ्यांना माहीत असतं.

एवढं सगळं करण्यापेक्षा लॅन केबल आणा, हे माझं स्पष्ट मत. नवा महागडा राउटर घेण्याआधी तर नक्कीच. नवी पेठेत तयार पिना मारलेली कॅट-६ केबल मिळते. माप घेताना दारांच्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेने दोरी फिरवून घ्या, सरळ अंतर मोजू नका. शंभर मीटरपर्यंत केबलला काही होत नाही, म्हणजे घराच्या बाबतीत काळजी नाही. लांबी कमी पडली म्हणून दुकानदार जुन्या पद्धतीने चारच तारा जोडून पिन मारून देत असेल तर नको म्हणा. आठही तारा लागल्या तरच गिगाबिट मिळतं, चारवर ते शंभर मेगाबिटला येऊन थांबतं. स्विच वापरत असाल तर बघून घ्या, पहिल्या स्विचच्या डॉकला लॅनचं भोकच नाही, यूएसबीचा ॲडाप्टर लागतो. ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे. केबल कायमची नको असेल तरी तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याकडून उसनी आणा. केबलने चाललं आणि वायफायने नाही, एवढं दाखवलं की पहिला वाद मिटतो.

पुढचा भाग जरा किचकट आहे, पण सोलापुरातल्या लहान केबलवाल्यांच्या कनेक्शनवर निम्मं दुखणं इथेच असावं असा माझा अंदाज आहे. स्पीड शंभर, डाउनलोड जोरात, स्टोअर उघडतं, पण मित्राबरोबर पार्टी (खेळताना एकमेकांशी बोलायचा गट) जमत नाही. "तुझा आवाज येईना बे" करत दोघं अर्धा तास घालवतात. मग टेस्टमधली नॅट टाइपची ओळ बघा. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकाच आयपी पत्त्याने दाखवायचं राउटरचं काम. प्लेस्टेशनवर टाइप ३, एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट', स्विचवर डी दिसलं तर बाहेरचा खेळाडू तुमच्या घरापर्यंत थेट पोचू शकत नाही. टाइप २ किंवा 'मॉडरेट' असेल तर बहुतेक वेळा काम चालतं.

कारणं दोन असतात. एक घरातलं: केबलवाल्याने बसवलेल्या राउटरच्या डबीमागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावलेला असतो आणि दोघंही नॅट करत बसतात. एक्सबॉक्स तर 'डबल नॅट' असं सरळ लिहूनच दाखवतो. त्यावर पहिली डबी ब्रिज मोडला टाकून घ्यायची, म्हणजे ती नॅट न करता लाइन नुसती पुढे देते, किंवा दुसऱ्याला नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा, करायचा. दुसरं कारण बाहेरचं. आयपी पत्ते महाग, म्हणून कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं असं: राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर सीजीनॅट नक्की. ती पट्टी २०१२ पासून त्याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. वॅनचा पत्ता १०. ने सुरू होणारा असेल तरी आतलाच पत्ता दिलाय असं समजा, मधे आपलाच दुसरा राउटर नाही एवढं मात्र बघून. दोन्ही आकड्यांचे फोटो ठेवा.

सीजीनॅट नसेल तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागणारी वाट आपोआप उघडायची सोय) चालू करून राउटर आणि कन्सोल दोन्ही बंद-चालू करा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. नाहीच भागलं तर पोर्ट, म्हणजे राउटरमधली आत येण्याची क्रमांकाची दारं, हाताने उघडायचे, एक्सबॉक्सला ३०७४ आणि प्लेस्टेशनला ३४७८ ते ३४८०. पण सीजीनॅट असेल तर पोर्ट उघडत बसणं म्हणजे आपल्या खोलीचं दार उघडं टाकून वाड्याचा दिंडी दरवाजा बंद ठेवण्यासारखं आहे. तिथे केबलवाल्याकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागण्याला पर्याय नाही. त्याचे वेगळे पैसे लागतात का, महिन्याचे की वर्षाचे, हे फोनवरच विचारून ठेवा. एका पत्त्यामागे अनेक घरं असल्याचा आणखी एक फटका म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उद्योगामुळे तो पत्ता सोनीने अडवला तर तुम्हीही अडकता. डब्ल्यूएस-३७३९७-९ हा कोड आला तर हेच समजायचं.

राउटरला हात लावण्याआधी एक पथ्य: मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. रीस्टार्ट वेगळं, रीसेट वेगळं. रीसेट केलं की आत भरलेलं पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याच्या लाइनवर लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड पुसलं जातं, आणि मग कन्सोलच काय, आख्ख्या घराचं नेट जातं. तेही नेमकं रविवारी, जेव्हा ऑफिस बंद असतं. ते युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन नंबर असेल तर तो आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड आधीच मागून वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्येच ठेवलं तर नेट गेल्यावर ते व्हॉट्सॲपच्या कुठल्या गप्पांत गाडलं गेलंय हे शोधत बसावं लागतं.

फायबरच्या डबीवरचे दिवे बघा. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाकीची सगळी यादी बाजूला ठेवा, उजेडच येत नाहीये. संक्रांतीचा मांजा, मिरवणुकीसाठी बाजूला केलेल्या वायरी, रस्त्याची खोदाई, काहीही असू शकतं. दिवा हिरवा असूनही नेट तुटक चालत असेल तर राउटरच्या पानावर आरएक्स पॉवर (येणाऱ्या उजेडाचा जोर) असा आकडा दिसतो का बघा. उणे वीसच्या अलीकडे-पलीकडे असला तर निवांत राहा, उणे सत्तावीसच्या जवळ गेला तर लाइन शेवटच्या घटका मोजतेय. खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवलेली पिवळी वायरही हेच करते. ती सैल करा, पण टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. तो प्रकाश दिसत नाही, म्हणून निरुपद्रवी नसतो.

तक्रार कधी-कधी होत असेल तर चार-पाच दिवस वेळ टिपून ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारीच नेट जात असेल तर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला राउटर तापतोय, त्याला खाली आणा. रात्री नऊ ते अकराच मंदावत असेल तर गल्लीतले सगळे एकाच वेळी बसतात, ते केबलवाल्याचं काम. आणि वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर असूनही नेट जात असेल तर वाटेत कुठेतरी केबलवाल्याचा विजेवर चालणारा नेटवर्क स्विच (लाइन वाटणारी पेटी) बिनबॅकअपचा आहे. ही टिपलेली वही त्याच्यापुढे ठेवली की तो "ओके दाखवतंय" म्हणत नाही.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेबद्दल, थोडंसं. इथून मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, तेवढं अंतर फायबरमधून जाऊन-येऊन पाचेक मिलिसेकंदांचं. सिंगापूरचा सर्व्हर निवडला तर कितीही चांगली लाइन असली तरी चाळीसच्या खाली पिंग येणार नाही. गेममध्ये रीजन निवडता येत असेल तर आधी ते बघा.

माणूस येण्याच्या दिवशी शिडी किंवा उंच स्टूल, बॅटरी, राउटरजवळ एक मोकळा प्लग आणि ती उसनी लॅन केबल काढून ठेवा. घरात ज्याला पासवर्ड माहीत आहे तोच हजर असू द्या, आजोबांना पुढे करू नका. फोटो आणि वही दाखवा, फायबरमधला उजेड मोजणारा पॉवर मीटर लावून आकडा समोर वाचायला सांगा. चाचणी त्याच्या मोबाइलवर नको, कन्सोलवर घ्या, आणि मित्राला आधीच सांगून ऑनलाइन बसवा. पार्टीत आवाज दोन्हीकडून आला, एक सामना पूर्ण झाला, की मगच तक्रार बंद करायचा ओटीपी सांगा.