पैसे त्यांचे, मग कोड कुणाचा?

गावच्या दूध संस्थेसाठी पहिलं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत नोकरीला होतो. रात्री जेवण झालं की स्वतःच्या लॅपटॉपवर बसायचं, फॅट-एसएनएफचा (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) दरतक्ता भरायचा, दहा दिवसांचं बिल बरोबर निघतंय का बघायचं. 25 हजारांत ठरलं, तेही चेअरमनच्या ओसरीवर, चहा पिता पिता. कागद म्हणाल तर माझ्या वहीतली एक ओळ.

वर्षभरानं शेजारच्या गावातल्या संस्थेनं तेच मागितलं, मी दिलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या सचिवांचा फोन. "पैसे आम्ही मोजले, सॉफ्टवेअर आमचं. दुसऱ्याला विकलंच कसं?" मला उत्तर सुचेना, कारण मनातून मलाही त्यांचंच खरं वाटत होतं.

आतेभाऊ वकील आहे. त्यानं आधी मला हसून घेतलं. 1957 चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो, म्हणजे माझं दूध बिल कादंबऱ्यांच्या पंगतीला. (शाळेतल्या मराठीच्या बाईंना हे सांगायची सोय नाही.) लिहिणारा तो पहिला मालक. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालकी कंपनीची. पण बाहेरून काम घेणारा हा ग्राहकाचा नोकर नसतो. त्यानं पैसे घेतले म्हणून कोडची मालकी आपोआप ग्राहकाकडे जात नाही. ग्राहकाला मिळतो तो वापरायचा हक्क. मालकी द्यायचीच तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. ओसरीवरच्या चहाला यात काही किंमत नाही.

मी सुटलो म्हणून उठणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "पण तू तेव्हा नोकरीत होतास ना? अपॉइंटमेंट लेटर कुठंय?"

ते मी सही करताना वाचलंही नव्हतं. नोकरीच्या काळात लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, असं सरसकट कलम कित्येक पत्रांत असतं. माझ्या पत्रात 'कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित' एवढे शब्द जास्तीचे होते. कंपनी विम्याची सॉफ्टवेअर करायची, माझं म्हशीचं दूध, म्हणून वाचलो. तुम्ही रात्रीचं काही करत असाल तर पत्र आजच काढा, आणि शंका असेल तर एचआरकडून ई-मेलवर लेखी परवानगी घ्या. ऑफिसचा लॅपटॉप तर यासाठी उघडूच नका.

तिसरी भानगड मीच करून ठेवलेली. बिल छापायला नेटवरची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, जोडली होती, फुकट दिसली म्हणून. ती निघाली जीपीएल या अटी घालणाऱ्या लायसन्सची. असा प्रोग्रॅम स्वतःपुरता वापरला तर हरकत नाही, पण दुसऱ्याच्या हाती दिला की सोर्स कोडही (प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ कोड) द्यावा लागतो, आणि पुढं वाटायची मोकळीकही. म्हणजे सचिव बिनदिक्कत दहा संस्थांना वाटू शकले असते! चार रात्री जागून ती काढली, एमआयटी या सैल अटींच्या लायसन्सची दुसरी बसवली. एमआयटीत मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. एक गैरसमज मात्र फार पसरलाय: गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरच्या ज्या कोडला लायसन्सच नाही, तो मोकळा नसतो. त्याचे सगळे हक्क लेखकाकडेच राहतात.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, कोड लिहिला की हक्क तयार होतो. तरी मी ऑनलाइन नोंदणी केली. 500 रुपये फी. कॉपीराइट नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीपासून सोर्स कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पानं पुरतात, पण त्यात काही खोडून चालत नाही. उद्या वाद झाला तर हातात पुरावा असतो.

सचिवांशी शेवटी समोरासमोर बसलो. त्यांना विकायबिकायचं नव्हतंच. "तुला उद्या काही झालं, तर दहा तारखेला बिलं कोण काढणार?" एवढीच त्यांची काळजी. मग दीड पानाचा करार केला: मालकी माझी, वापरायचा हक्क संस्थेचा कायमचा, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि सोर्स कोडचा पेन ड्राइव्ह सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत. मी काम थांबवलं तरच पाकीट फोडायचं.

आता कोटेशनमध्येच पाकिटाची ओळ असते. ती बघून भाव करणारे गिऱ्हाईकही जरा कमी घासाघीस करतात.