बोटीसाठी डिझेल इंजिन निवडताय? ब्रँड ठरवण्याआधी या चुका टाळा

पॉवरबोटसाठी डिझेल इंजिन घ्यायचं ठरलं, की चर्चा थेट नावांवर येते. यानमार की कमिन्स? व्होल्वो पेंटा की कॅटरपिलर? नीट बसवलं आणि वेळच्या वेळी जपलं, तर यातलं कुठलंही इंजिन हजारो तास चालतं. वेळेआधी खलास झालेलं इंजिन उघडलं, की बहुतेकदा तीनपैकी एक कारण सापडतं. प्रोपेलर प्रमाणाबाहेर जड होता, खारं पाणी आत शिरलं होतं, किंवा वापर एक आणि इंजिनाचं रेटिंग दुसऱ्याच वापराचं होतं. यातल्या एकाही गोष्टीचा छडा नावावरून लागत नाही. म्हणून आधी या चुका बघा, नाव सर्वात शेवटी ठरवा.

चूक पहिली: नुसत्या हॉर्सपॉवरवर तुलना

एकाच ब्लॉकमधून (इंजिनाच्या मूळ सांगाड्यातून) कंपनी वेगवेगळी ताकद काढते. कमिन्सचं क्यूएसबी ६.७ घ्या. तेच ६.७ लिटरचं इंजिन ३८० हॉर्सपॉवरलाही मिळतं आणि ५५० लाही. पहिल्यात लिटरमागे सुमारे ५७ हॉर्सपॉवर येतात, दुसऱ्यात ८२. यानमारचं ६एलपीए हे ४.१६ लिटरमधून ३१५ म्हणजे लिटरमागे ७६ च्या आसपास देतं, तर व्होल्वो पेंटाचं डी६ हे ५.५ लिटरमधून ४८० म्हणजे ८७. आकडा वाढतो तसं पिस्टन, टर्बो आणि हेड गॅस्केटवरचं ओझं वाढतं, आणि बसवण्यातली छोटीशी चूकही लवकर अंगाशी येते.

ही ताकद किती वेळ वापरायची, हे रेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. माहितीपत्रकातला सगळ्यात कमी वाचला जाणारा मजकूर तोच, आणि कामाचाही तोच. व्होल्वो पेंटाच्या रेटिंग ५ चा अर्थ असा: वर्षाला ३०० तासांपेक्षा कमी वापर, दर १२ तासांत जास्तीत जास्त १ तास पूर्ण ताकद आणि बाकी वेळ आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) किमान १० टक्के खाली. कमिन्सच्या हाय आउटपुट रेटिंगला दर ८ तासांत १ तास पूर्ण ताकद चालते, एरवी कमाल आरपीएमच्या २०० किंवा त्याहून जास्त खाली राहायचं. अशा रेटिंगचं इंजिन असलेली बोट भाड्याने फिरवली किंवा वर्षाला हजार तास चालवली, तर इंजिन चुकीचं निवडलं असं समजा. वॉरंटीचा दावाही तिथेच अडकतो.

तुलना करायची तर ती नेहमीच्या वेगाला लागणाऱ्या ताकदीवर करा. समजा बोटीला त्या वेगाला एका इंजिनाकडून २४० हॉर्सपॉवर लागतात. ३१५ च्या इंजिनावर हा ७६ टक्के भार झाला, ३८० च्या इंजिनावर ६३ टक्के. दिवसभर चालवायचं असेल तर दुसरं घ्यावं, मग ब्रँड कुठलाही असो. मात्र वजनाचा हिशेब सोडू नका. ६एलपीए गिअरबॉक्सशिवाय साधारण ४०० किलो भरतं आणि क्यूएसबी ६५० किलो. दोन इंजिनांच्या बोटीत हा फरक ५०० किलोंचा होतो, आणि हलक्या बोटीचा मागचा भाग तेवढ्याने पाण्यात बसतो. अशा बोटीला हलकं इंजिनच शोभतं.

चूक दुसरी: प्रोपेलर जुनाच ठेवून इंजिन नवं बसवणं

डिझेल इंजिनं लवकर मरण्यामागे याच्याइतकं मोठं दुसरं कारण नाही.

डिझेलच्या टाक्या भरलेल्या, पाणी भरलेलं, सामान आणि माणसं नेहमीइतकी, अशा अवस्थेत बोट पूर्ण थ्रॉटलला चालवली, की इंजिनाने रेटेड आरपीएम (कंपनीने पूर्ण ताकदीसाठी ठरवलेले फेरे) गाठलंच पाहिजे आणि ५० ते १०० ने वर गेलं तर उत्तम. ३००० चं इंजिन २८०० वर अडकत असेल, तर प्रोपेलर जड आहे. मग नेहमीच्या वेगालाही प्रत्येक आरपीएमला सिलिंडरमध्ये जरुरीपेक्षा जास्त डिझेल जळतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो, पिस्टनचा माथा यांची झीज सुरू होते. थ्रॉटल मागे घेतल्याने ही चूक पूर्ण झाकली जात नाही.

तपासायच्या गोष्टी, याच क्रमाने:

आधी टॅकोमीटर खरा आहे का ते बघा. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने आरपीएम मोजा. डॅशबोर्डवरचा जुना काटा १०० ते २०० ने सहज चुकतो. मग बोटीचा तळ आणि प्रोपेलर साफ आहेत का ते पाहा. शेवाळ आणि शिंपल्यांनी भरलेल्या तळावर घेतलेलं माप काहीच सांगत नाही. त्यानंतर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, आणि थ्रॉटलची केबल शेवटच्या टोकापर्यंत जाते का, हे तपासा. एवढं सगळं ठीक असून आरपीएम कमीच असेल, तर प्रोपेलरचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) किंवा कप (पात्याच्या कडेचं वळण) कमी करून घ्या.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात जड प्रोपेलर काळ्या धुरावरून कळायचा. कॉमन रेल, म्हणजे डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरते अशा इंजिनात कंट्रोल युनिट टर्बोचा दाब बघून डिझेल आवरतं, त्यामुळे धूर फारसा दिसत नाही आणि मालक निश्चिंत राहतो. इथे डिस्प्लेवरचा भाराचा टक्का बघायचा. २७०० लाच तो १०० दाखवत असेल आणि रेटेड आकडा ३००० असेल, तर धूर नसला तरी इंजिन दबलेलं आहे.

नवं इंजिन जुन्यापेक्षा वेगळ्या आरपीएमला फिरत असेल, तर गिअरबॉक्सचं रिडक्शन गुणोत्तरही (इंजिनाच्या किती फेऱ्यांना प्रोपेलरचा एक फेरा) पुन्हा काढावं लागतं. २८०० च्या जागी ३८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स तोच, हा व्यवहार कागदावरच फसलेला असतो.

चूक तिसरी: खाऱ्या पाण्याची बाजू न बघणं

ब्रँडमधला खरा फरक बघायचा असेल तर इंजिनाच्या पोटात शिरण्याआधी त्याच्या अंगावर टांगलेले भाग बघा. ब्लॉक बऱ्याचदा बोटीसाठी मुळात बनवलेलाच नसतो. यानमार ६एलपीए टोयोटाच्या इंजिनावर उभं आहे, कमिन्सचं ६.७ ट्रकमध्ये चालतं, नॅनी आणि बीटा आपली अनेक मॉडेल्स कुबोटाच्या इंजिनावर बनवतात. पिस्टन किंवा गॅस्केट एक वेळ कुठूनही मिळतील. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग), हीट एक्सचेंजर (खाऱ्या पाण्याने कूलंट गार करणारा), आफ्टरकूलर (टर्बोमधून आलेली हवा गार करणारा), खाऱ्या पाण्याचा पंप हे भाग मात्र बहुतेकदा त्या ब्रँडचेच लागतात. खर्च तिथे होतो आणि बोट आठवडेच्या आठवडे उभी राहते तीही तिथेच. विक्रेत्याकडून या चार भागांच्या किमती आणि मिळायला लागणारे दिवस लेखी घ्या. माझ्या मते ब्रँडची याहून चांगली कसोटी नाही.

आफ्टरकूलरकडे खास लक्ष द्या. अनेक इंजिनांत त्याचं बाहेरचं घर ॲल्युमिनियमचं आणि आतला गाभा तांबे-निकेलचा असतो, दोन्ही बाजूंमध्ये फक्त ओ-रिंग. तिच्याखाली खारं पाणी मुरलं, की ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि गाभा घरात घट्ट अडकतो. त्यानंतर थेंब हवेच्या बाजूला उतरतात आणि थेट सिलिंडरकडे जातात. दर दोन वर्षांनी आफ्टरकूलर उतरवा, गाभा धुऊन हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवून बुडबुडे तपासा, ओ-रिंग नव्या घाला आणि बसणाऱ्या पृष्ठभागांना सागरी ग्रीस लावून जोडा. नवं इंजिनही याला अपवाद नाही, कारण कारखान्यातून ते पुष्कळदा ग्रीसशिवायच जोडून येतं.

कमी वेगाला तापमान ठीक, पण वेग वाढवला की चढतं? थर्मोस्टॅटच्या मागे लागण्याआधी खाऱ्या पाण्याचा प्रवाह बघा. सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा आहे का, स्ट्रेनरच्या (पाणी गाळणाऱ्या जाळीच्या) झाकणाच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात नाही ना, इंपेलरची (पंपातल्या रबरी चक्राची) पाती पूर्ण आहेत का. एखादं पातं तुटलेलं निघालं तर नवा इंपेलर बसवून थांबू नका, तो तुकडाही शोधा. तो पुढच्या पहिल्या कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला असतो, सोबतीला गंजापासून बचावासाठी बसवलेल्या झिंकचे गळून पडलेले तुकडेही.

चूक चौथी: हात पोहोचतो का, हे न मोजणं

दोन इंजिनं शेजारी बसली, की प्रत्येकाची बाहेरची बाजू बोटीच्या भिंतीला लागते. इंपेलरचं झाकण, झिंक, डिपस्टिक आणि फिल्टर त्याच बाजूला आले, तर देखभाल होत नाही, कितीही इच्छा असो. कंपनीकडून मापांसह नकाशा घ्या आणि पुठ्ठ्याचा साचा करून इंजिनरूममध्ये ठेवून बघा. हीट एक्सचेंजरचा गाभा बाहेर ओढायला त्याच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते, हे बरेच जण विसरतात.

चूक पाचवी: डिझेलच्या खपावरून ब्रँड निवडणं

आजची सगळी टर्बो डिझेल इंजिनं एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.२ लिटर डिझेल घेतात. २४० हॉर्सपॉवर लागत असतील तर तासाला ४८ लिटरच्या आसपास, बॉनेटवर नाव काहीही असो. खप कमी करायचा तर वजन उतरवा, तळ साफ ठेवा, प्रोपेलर नीट करा.

इलेक्ट्रॉनिक्सचा विचार वेगळा करा. कॉमन रेल इंजिनाचा बिघाड वाचायला त्या कंपनीचं निदान उपकरण लागतं. ते घेऊन येणारा माणूस तुमच्या बंदरापर्यंत पोहोचतो का, हे पैसे देण्याआधीच विचारा. पॉड ड्राइव्ह (बोटीच्या तळाखाली वळणारं प्रोपेलरचं युनिट) असेल तर बऱ्याचदा इंजिन, ड्राइव्ह आणि कंट्रोल सगळं एकाच कंपनीशी बांधलं जातं.

वापरलेलं इंजिन घेताना

फक्त तासांचा आकडा बघू नका. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधून एकूण डिझेल आणि एकूण तास काढा आणि भागाकार करा. दोन इंजिनं १००० तासांची असली, तरी तासाला ३० लिटर जाळलेलं आणि ६० लिटर जाळलेलं यांचं वय सारखं नसतं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवालात सोडियम दिसलं तर दोन शक्यता असतात: खारं पाणी, किंवा कूलंटमधली रसायनं. सोबत पोटॅशियम किंवा बोरॉनही वाढलेलं असेल तर आधी कूलंटची गळती शोधा.

शेवटी टर्बोच्या मागची एक्झॉस्ट एल्बो (वळणाची नळी) उतरवून टॉर्चने आत बघा. गंजाचे ओघळ किंवा मिठाचा थर टर्बोच्या दिशेने गेलेला दिसला, तर एक्झॉस्टमधून पाणी मागे येतं आहे. पाणी मिसळण्याची जागा जलरेषेपेक्षा पुरेशी उंच नाही हे त्याचं नेहमीचं कारण. निदान ३०० मिलिमीटर उंची ठेवण्याची पद्धत आहे, नेमका आकडा इंजिनाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये मिळेल. बोट पूर्ण भरलेली असताना ही उंची मोजा, आणि उंची कमी निघाली तर उंच रायझरचा (एक्झॉस्ट वर उचलून नेणाऱ्या पाइपचा) खर्च विक्रीच्या किमतीतून वजा करून मागा.