चोर्ला घाट चढण्याआधी ॲपला खरी गाडी सांगा

इलेक्ट्रिक गाडीने पणजीहून बेळगावला चोर्ला घाटाने निघताना कंपनीने छापलेल्या रेंजवर (एका चार्जमध्ये जाणाऱ्या अंतरावर) भरवसा ठेवू नका. माणसं-सामानासह 1800 किलोची गाडी 800 मीटर वर चढवायला सुमारे 4 युनिट वीज जास्तीची लागते. 40 युनिटच्या बॅटरीत हा सरळ 10 टक्क्यांचा फटका!

'अ बेटर रूटप्लॅनर' या इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्रवास-नियोजन ॲपमध्ये गाडीचं नेमकं मॉडेल निवडा, पोहोचतानाचा किमान चार्ज 20 टक्के ठेवा आणि प्रवासी-सामानाचं वजन भरा. हे वजन बहुतेक जण सोडून देतात, मग घाटात चार्जचा आकडा भराभर उतरायला लागतो. पावसाळ्यात ओला रस्ता आणि काचेवरची वाफ घालवणारा एसी यांचंही थोडं धरा.

ॲपने सुचवलेला चार्जर 'प्लगशेअर' या चार्जर शोधण्याच्या ॲपवर तपासा: सीसीएस-2 (फास्ट चार्जिंगचा प्लग) आहे का, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधीचं? जुनं असेल तर जवळचा दुसरा हेरून ठेवा. चार्जिंग ॲपचं लॉगिन, वॉलेट रिचार्ज आणि ऑफलाइन नकाशा घरीच उरका; घाटात नेटवर्क जातं.

परतीला घाटमाथ्यावर 100 टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रीजेनला (उतारावर गाडी हळू करताना परत मिळणाऱ्या विजेला) जागाच उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. 80-85 टक्के पुरे.